तबकड्यांच्या पेटीतले कवी

मुस्लिम मराठी साहित्याचा आढावा घ्यायचा म्हटले की आपण ग्रंथालयाकडे वळतो. 'योगसंग्राम'कर्ते शेख महंमद, मग शाहीर सगनभाऊ, मग 'कलश' आणि 'धरतीमाता' लिहिणारे अमर शेख, आणि १९९० साली सोलापुरात भरलेल्या पहिल्या संमेलनानंतरचे कथाकार, कवी, समीक्षक. ही मांडणी चुकीची नाही. पण ती छापील पुस्तकापाशी सुरू होते आणि पुस्तकापाशीच संपते. ज्यांचे शब्द कधी पुस्तकात गेले नाहीत, पण लग्नाच्या मांडवात आणि उरुसाच्या रात्री हजारो कानांवर पडले, त्यांचे काय? हा प्रश्न आम्हाला ग्रंथालयात पडला नाही. तो जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या एका पेटीमुळे पडला. म्हणून या लेखात पुस्तकाऐवजी पेटीचे परीक्षण करीत आहोत.

आधी बाजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. गेल्या काही वर्षांत जुन्या तबकड्यांना पुन्हा भाव आला आहे. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, हैदराबादचा जुमेरात बाजार येथे शौकीन मंडळी हिंडतात आणि त्यांचे दलाल आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत येऊन पोचतात. त्यांना काय हवे असते हे ठरलेले आहे. राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटांच्या लाँग प्ले, 'शोले'च्या संवादांची तबकडी, क्वचित एखाद्या मोठ्या उस्तादाचे शास्त्रीय गायन. पेटीतून तेवढे उचलायचे आणि उरलेले भंगारात सोडायचे, ही रीत. हे उरलेले म्हणजे काय? कव्वाल्या, नात, मराठी नाट्यगीते, पोवाडे, भक्तिगीते. म्हणजे एखाद्या गावाने प्रत्यक्षात जे ऐकले ते. आमचा पहिला आक्षेप या निवडून घेण्याला आहे. वीस तबकड्यांतून तीन उचलल्या की उचलणाऱ्याला तीन गाणी मिळतात, पण वीस तबकड्या एका घरात एकत्र का होत्या हा प्रश्नच पुसला जातो. पेटी संपूर्ण घ्यावी, आणि ज्या क्रमाने लावलेली आहे त्या क्रमाने ती वाचावी.

आमच्या हाती आलेली पेटी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मूळ मालक लाऊडस्पीकरचा धंदा करीत. निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून चार इयत्ता शिकलेला माणूस. आता हयात नाहीत. मुलांनी आधी भोंगे विकले, मग अ‍ॅम्प्लिफायर, शेवटी पेटी. चित्रपटांच्या मोठ्या तबकड्या आमच्या आधी कोणी तरी घेऊन गेलेले होते. राहिल्या त्या लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या, ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी, आणि ३३ फेऱ्यांच्या काही लाँग प्ले. सोबत शाळकरी वही. वहीत प्रत्येक तबकडीला क्रमांक, पुढे नाव, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : शादी, उर्स, गणपती, जत्रा, जलसा. सगळी नोंद उर्दू लिपीत. तबकडी विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ही वही म्हणजे रद्दी. आमच्या दृष्टीने पेटीतली सर्वात मोलाची वस्तू तीच.

या वहीवरून एक गोष्ट लगेच ध्यानात येते. पेटीत कव्वालीशेजारी नाट्यगीत आहे, नातेशेजारी आरती आहे. असे काही दिसले की आपल्याकडे 'गंगा-जमनी तहजीब' हा शब्द तयारच असतो. संमेलनाच्या मांडवात तो टाळ्याही घेतो. आम्ही येथे तो वापरणार नाही. लाऊडस्पीकरवाल्याला पाटलाच्या मुलीचे लग्नही करायचे होते आणि दर्ग्याचा संदलही. दोन्हीकडचे गाणे त्याच्यापाशी नसते तर त्याचे पोट भरले नसते. ही धंद्याची गरज होती, आणि म्हणूनच आम्हाला ती भाषणातल्या सलोख्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. गरजेने माणूस खोटे ऐकत नाही. शिवाय तबकडी स्वतःच साक्ष देते. लाखेच्या तबकडीवर पोलादी सुई जितकी फिरते तितकी चर करडी पडत जाते. एक बाजू करडी आणि दुसरी काळीभोर, असे दिसले की गावाने काय मागितले ते कळते. 'उर्स' असा शेरा असलेल्या तबकड्या घासलेल्या असणार हे अपेक्षितच होते. पण 'शादी' या शेऱ्याच्या मराठी तबकड्याही तितक्याच घासलेल्या आहेत.

आता वहीच्या लिपीकडे येऊ. पेशाने आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक, त्यामुळे येथे थोडे रेंगाळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. मराठी गाण्यांची नावे उर्दूत लिहिताना त्या माणसाची अडचण झाली ती नेहमीची. उर्दूला 'ळ' नाही, 'ण' नाही. त्याने 'ळ'साठी 'लाम' वापरला आणि 'ण'साठी 'नून'. इथपर्यंत नवल नाही. आमच्या वर्गातली मुलेही 'शाळा'चा उच्चार 'शाला' करतात आणि तेवढ्यावरून तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत त्यांचे गुण जातात. पण 'ज'च्या बाबतीत वहीने आम्हाला थांबवले. मराठीत 'ज' दोन आहेत. 'जय', 'जीव' यांतला तालव्य आणि 'जग', 'जुना' यांतला दंततालव्य. देवनागरी दोन्हींसाठी एकच अक्षर लिहिते. फरक बोलणाऱ्याच्या जिभेवर असतो, कागदावर नसतो. या माणसाने 'जय' लिहिताना 'जीम' वापरला आणि 'जुना' लिहिताना 'झे'. 'माझा'ही 'झे'नेच लिहिला. वहीभर हा फरक त्याने पाळला आहे. म्हणजे मराठीतला जो भेद मराठीची लिपी दाखवीत नाही, तो एका उर्दू शिकलेल्या लाऊडस्पीकरवाल्याने केवळ कानाच्या भरवशावर नोंदवून ठेवला. उर्दू माध्यमाच्या माणसाला मराठी ऐकू येत नाही असे समजणाऱ्यांनी ही वही पाहावी. आणि मराठी म्हणजे फक्त सरकारी परीक्षेचा एक विषय असे समजणाऱ्या आमच्या सहकारी शिक्षकांनीही पाहावी.

पेटीतला खरा धक्का मात्र एका चुकीच्या वेष्टणात होता. वेष्टण कव्वालीचे. आत निघाली अब्दुल करीम खाँ यांची लाखेची तबकडी, आणि तीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'मधले पद. खाँसाहेब कैरान्याचे. १८७२चा जन्म. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पुणे, बेळगाव, मिरज या भागात काढला आणि १९३७ साली वारल्यावर मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुले. म्हणजे मराठी संगीताचे एक अख्खे घराणेच त्यांच्या घरातून उभे राहिले. १९३०च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी जे गायन मुद्रित केले त्यात मराठी नाट्यपदेही आहेत, हे जाणकारांना ठाऊक आहे. आमच्यासारख्यांना नव्हते. 'मानापमान' १९११चे. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी बांधल्या आणि पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग मराठी रंगभूमीवर आणला. तो रंग ज्या गायिकांच्या कंठातून आला त्यांतल्या कितीतरी मुसलमान होत्या. मग तीच नाट्यपदे कैरान्याचा एक उस्ताद तीन मिनिटांच्या तबकडीत मराठीतून गातो. त्या गायनात शब्दापेक्षा सूर पुढे राहतो हे मान्य. पण शब्द मराठी आहेत आणि ते गाताना ते परके आहेत असे कुठे जाणवत नाही. त्या तबकडीची एक बाजू जवळजवळ पांढरी पडलेली आहे. वहीत तिच्यापुढे शेरा आहे 'जलसा', आणि पुढे बारीक अक्षरात 'खाँसाब मराठी'. चुकीच्या वेष्टणात ती कोणी घातली कोण जाणे. पण कव्वालीचे वेष्टण होते म्हणूनच ती दलालाच्या हातून सुटली.

येथे तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या कागदी चकतीविषयी बोलावे लागेल. त्या चकतीवर गाण्याचा प्रकार छापलेला असतो. पेटीतल्या मराठी गाण्यांवर प्रकाराआधी भाषा आहे : मराठी भावगीत, मराठी नाट्यगीत. आमच्या गाण्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी भाषेऐवजी धर्म आहे. 'मुस्लिम डिव्होशनल'. गाणे उर्दूत आहे, दखनीत आहे की आणखी कशात, हे त्यावरून कळत नाही. कंपनीच्या दुकानदाराला माल कोणत्या फळीवर ठेवायचा एवढेच कळावे अशी ती सोय. आता, 'मुस्लिम मराठी साहित्य' हे नावसुद्धा अशीच एक फळी नाही का, असे कोणी विचारील. विचारावेच. आमचे उत्तर असे की, कंपनीच्या चकतीवरून भाषा गळाली होती. आपल्या नावात ती परत आली आहे, हाच महत्त्वाचा फरक. पण नावात भाषा आली म्हणून नोंदीत सगळे आले असे होत नाही. हे पुढच्या दोन ईपींवरून दिसेल.

मुंबईचे कव्वाल अझीज नाझां (१९३८-१९९२) यांचे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. 'झूम बराबर झूम' ही त्यांची कव्वाली १९७४च्या 'फाइव्ह रायफल्स' या चित्रपटात आली आणि देशभर वाजली. 'चढता सूरज' त्यांचीच. ती २०१७च्या 'इंदू सरकार' चित्रपटात त्यांचे पुत्र मुज्तबा अझीज नाझां यांच्या आवाजात पुन्हा ऐकू आली. गायकाचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण लिहिले कोणी? ईपीचे वेष्टण उलटे करून बारीक अक्षरे वाचली तेव्हा पहिल्या कव्वालीच्या कवीचे नाव दिसले, नाझां शोलापुरी. दुसरीचे कवी कैसर रत्नागिरवी. शोलापुरी आणि रत्नागिरवी! ज्या सोलापुरात आपले संमेलन सुरू झाले त्याच सोलापूरचे नाव तखल्लुसात लावणारा कवी देशातल्या प्रत्येक पानटपरीवर वाजत होता, आणि आपण त्याला उत्तरेकडचा कोणी समजत राहिलो. 'रत्नागिरवी' हा शब्द तर मोठा गोड. देहलीचा देहलवी, बरेलीचा बरेलवी, तसा रत्नागिरीचा रत्नागिरवी. उर्दूच्या व्याकरणाने कोकणातल्या एका बंदराला दिल्लीच्या पंक्तीत नेऊन बसवले.

गावाचे नाव मिरवण्याची ही चाल जुनी. तबकड्यांचा जमाना सुरू झाला तेव्हा गायिकांची नावेही गावासकट छापली जात. कलकत्त्याची गौहरजान, आग्ऱ्याची जोहराबाई, अलाहाबादची जानकीबाई, आपल्याकडची सोलापूरची मेहबूबजान. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे पहिले मुद्रण झाले तेव्हा गाणे संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत असे. कारण तबकडी छापायला जर्मनीत जायची, आणि तेथल्या कारागिरांना कोणाचे गाणे ते कळायला हवे. गायकाला असे नाव सांगता आले. कवीला सांगण्याची जागा होती ती मक्त्यात. गझलेच्या शेवटच्या शेरात तखल्लुस येते. पण तीन मिनिटांच्या तबकडीत कव्वाली बसवताना अनेकदा शेवटचे शेर गळतात. आणि मैफलीत कव्वाल एका कवीच्या कलामात दुसऱ्याचे शेर गिरह म्हणून जोडत जातो, तेव्हा मूळ कोणाचे आणि जोडलेले कोणाचे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. राहता राहिले वेष्टणावरचे बारीक अक्षर. आज मोबाइलवर तेच गाणे ऐकताना तेही डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून म्हणतो, गाणे कुठेही मिळेल, पण कवी हवा असेल तर वेष्टण शाबूत ठेवा.

हे साहित्य आहे का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. उर्दू अदबवाले नाक मुरडतील, आणि ते सर्वस्वी चूक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. 'झूम बराबर झूम' हे गाणे म्हणून बेफाम आहे, पण कविता म्हणून सामान्य. शराबीची जी प्रतिमा सूफी परंपरेत बेखुदीची खूण होती ती येथे नुसती धुंदी होऊन राहते. पडद्यावर तर तेवढीच उरते. 'चढता सूरज'ची गोष्ट वेगळी. रुस्तम गेला, सिकंदर रिकाम्या हातांनी गेला, तुझी काय कथा, हा तिचा आशय. आशयात नवे काही नाही. तो आपल्या वाअजमध्येही आहे आणि गंगाखेडच्या कीर्तनातही आहे. नवे आहे ते रचनेत. कवीने धावपट्टीसारखे छोटे छोटे चरण लिहिले आहेत आणि ते एकामागून एक आदळत ध्रुवपदावर येऊन थांबतात. धावणारा मनुष्य आणि उतरणारा सूर्य, असा तो ताल आहे. कागदावर वाचताना काही ओळी भरतीच्या वाटतात, यमकासाठी आणलेल्या वाटतात. पण त्या कागदासाठी लिहिलेल्याच नाहीत. मैफलीत टाळी आणि ढोलक यांच्यामध्ये श्वास घेण्यासाठी त्या जागा सोडलेल्या आहेत. हे कसब आहे, आणि कसबाला समीक्षेने नाव दिले पाहिजे.

सगनभाऊंचे उदाहरण घ्या. त्यांची लावणी तमाशाच्या फडावर गाण्यासाठीच होती. सभ्य समाजाने तिला एके काळी साहित्य मानले नाही. पुढे संशोधकांनी बाडे गोळा केली, छापली, आणि आज मराठी साहित्याचा एकही इतिहास त्यांना वगळून पुढे जात नाही. अमर शेखांचेही तसेच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांनी मैदाने पेटवली हे खरे, पण आपल्या यादीत ते आहेत ते दोन संग्रह छापले गेले म्हणूनही. नाझां शोलापुरी आणि कैसर रत्नागिरवी ही नावे आम्ही वाचलेल्या मराठी आढाव्यांत नाहीत, कारण ते उर्दूत लिहीत. उर्दू आढाव्यांतही आढळली नाहीत, कारण ते कव्वालीसाठी लिहीत. दोन्ही दारे बंद, आणि माणूस मात्र सोलापूरचा, रत्नागिरीचा. औरंगाबादचे बशर नवाज (१९३५-२०१५) यांनी 'बाजार' (१९८२) चित्रपटासाठी गाणे लिहिले तरी त्यांची कवी म्हणून प्रतिष्ठा उणी झाली नाही, कारण दिवाण आधी छापलेले होते. पुस्तक असेल तर गाणे शोभा देते, पुस्तक नसेल तर गाणे नाव खाते.

या सगळ्यात आम्हाला सर्वात टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. पेटीत मराठी कव्वाली आहे. ती कोणाची? भीमगीते गाणाऱ्यांची. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्यासारख्या गायकांनी कव्वालीही गायली आणि भक्तिगीतही गायले. कव्वालीचा ठेका, समूहाचा उठाव, सवाल-जवाब हे सारे आंबेडकरी जलशांनी मराठीत आणले आणि आपलेसे केले. कव्वालीची परंपरा आमच्या घरची, मराठी भाषा आमच्या गल्लीची. या दोहोंना एकत्र आणण्याचे काम मात्र दुसऱ्यांनी केले. त्यांचे कौतुकच आहे. पण आमच्या कवींनी हे का केले नाही? कारण आमच्यात जो लिहू शकत होता त्याला अदब उर्दूतच होते असे वाटत आले, आणि ज्याला मराठी येत होती त्याने गाण्याला साहित्य मानले नाही. मुस्लिम मराठी कवी मुक्तछंदाकडे वळले, गझलेकडे वळले. चार माणसांनी टाळ्या वाजवत म्हणावी अशी रचना त्यांच्या यादीत फार कमी. वाचक आणि कवी यांच्यातले अंतर कशाने वाढले याची चर्चा आपण प्रत्येक संमेलनात करतो. एक कारण या पेटीत आहे.

पेट्या आता झपाट्याने बाहेर पडत आहेत. काही जागेच्या अडचणीमुळे, काही यंत्र बंद पडले म्हणून, आणि काही घरांत दीनदारी वाढली आणि गाणे नकोसे झाले म्हणून. समाच्या जायज-नाजायजपणावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. तो उलेमांचा. ज्याला ऐकायचे नाही त्याने ऐकू नये. पण वेष्टणावरचे नाव वाचण्यात, वहीतली नोंद उतरवून घेण्यात तरी काही हरकत नसावी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने तबकड्यांच्या नोंदीचे मोठे काम केले आहे. पण तालुक्याच्या गावातल्या लाऊडस्पीकरवाल्याच्या वहीपर्यंत मुंबईचा माणूस कसा पोचणार? तिथे उर्दू वाचणारा आणि मराठी जाणणारा माणूस हवा. असे आपण जिल्ह्यात शेकड्यांनी आहोत, आणि दर महिन्याला पगारही घेतो.

आम्ही वही उतरवून काढली आहे, डावीकडे मूळ उर्दू आणि उजवीकडे देवनागरी. आठवीच्या मुलांनी हात लावला. 'झे' आणि 'जीम'चा खेळ त्यांना आमच्याआधी उमगला. पेटी आणि वही ताडून पाहिल्यावर मराठी रकान्यातल्या चार तबकड्या कमी भरल्या. दलालाने नेल्या असतील असे आधी वाटले. पण त्या चारही नोंदींपुढे मालकाने स्वतःच, बहुधा पन्नास वर्षांपूर्वी, शिसपेन्सिलीने लिहून ठेवले आहे : लग्नाला म्हणून नेल्या, परत आल्या नाहीत.